जे आधी फुटते, त्याचे गुण आधी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल दिला. वस्तू घेण्याआधीच तिची दुरुस्ती किती सोपी वा अवघड आहे, हे गिऱ्हाइकाला गुणांवरून कळावे, हा त्यामागचा हेतू. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून व्हायची आहे. नारायण पेठेत मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान चालवणारी तंत्रज्ञ म्हणून मला याचा मनापासून आनंद आहे. मात्र मिक्स्ड रिॲलिटी हेडसेट (डोळ्यांवर चढवायचे, समोरच्या खऱ्या दृश्यात संगणकाची चित्रे मिसळून दाखवणारे यंत्र) या यादीत आत्ताच घ्यावेत आणि गुण देताना सगळ्या भागांची सरासरी काढू नये, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

हेडसेट ही पैसेवाल्यांची हौस, आपल्याला त्याचे काय, असे पुष्कळांना वाटते. पण माझ्याकडे ते घेऊन येणारे बहुतेकजण भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यातले असतात. वेल्डिंग, स्प्रे पेंटिंग, यंत्रांची जोडणी मुलांना शिकवायला तिथे हे हेडसेट वापरतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका प्रशिक्षण केंद्राचे सर एक हेडसेट घेऊन आले. कंपनीचे नाव लिहीत नाही. प्रश्न एका कंपनीचा नाही. टेबलावरून पडून पुढची काच कोपऱ्यात तडकली होती, बाकी सगळे व्यवस्थित चालू. मोबाइलची काच बदलणे हे माझे रोजचे काम. हीट मॅटवर ठेवून कड गरम केली, पातळ पत्ती लावली, पण गम सुटेना. उष्णता थोडी वाढवली, तर काचेवरची प्लास्टिकची फिल्म सुरकुतू लागली. तडकलेल्या जागेतून भिंग लावून पाहिले, तेव्हा दिसले की पत्ती जिथून आत जाऊ शकते, नेमकी त्याच कडेला चिकटून सेन्सरची फ्लेक्स, म्हणजे कागदासारखी पातळ वायरपट्टी, गेली आहे. पत्ती जराशी जास्त सरकली असती तर फ्लेक्स तुटली असती. मी काम तिथेच थांबवले. सेवा केंद्राने सरांना सांगितले, नुसती काच मिळत नाही, पूर्ण युनिट बदलून घ्या. त्याची किंमत जवळजवळ नव्याइतकीच होती. चालू असलेला हेडसेट त्यांनी कपाटात ठेवून दिला.

एवढे नाजूक यंत्र म्हणजे असे होणारच, असे म्हणून हे सोडून देता येत नाही. ॲपलचा व्हिजन प्रो हा असाच हेडसेट २ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेत ३,४९९ डॉलरला विक्रीला आला. पुण्यात तो येतो तो बहुधा परदेशातून परतणाऱ्याच्या बॅगेतून. यंत्रे उघडून त्यांच्या दुरुस्तीला गुण देणाऱ्या आयफिक्सिट या अमेरिकी कंपनीने तो पूर्ण उघडून आतले फोटो प्रसिद्ध केले. ते मी मोठे करकरून पाहिले आहेत आणि आतले काम पाहून थक्क झाले. बारा कॅमेरे, एम२ आणि आर१ अशा दोन चिप, कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य १२ मिलिसेकंदांत डोळ्यांसमोरच्या पडद्यावर. दोन डोळ्यांतल्या अंतराप्रमाणे भिंगे सरकवायला आत मोटरी आहेत. इतक्या दाटीत काही गोष्टी घट्ट बसवाव्या लागणार, हे कोणताही कारागीर मान्य करील.

पण त्याच यंत्राचे बाहेरचे भाग पाहा. कानाजवळच्या दांड्या, ज्यांत स्पीकर आहेत, त्या सिम काढायच्या पिनेने सुटतात. बॅटरीची वायरही त्याच पिनेने निघते. चेहऱ्याला टेकणारी गादी चुंबकावर बसते. म्हणजे सुटे करता येईल असे डिझाइन करणे या लोकांना उत्तम जमते. आणि पडल्यावर सगळ्यात आधी मार खाते ती पुढची काच? ती गमने चिकटवलेली. विमा नसेल तर ती बदलायचा सुरुवातीचा दर होता ७९९ डॉलर, तेव्हाच्या हिशेबाने सुमारे ६६ हजार रुपये. बॅटरी तर हेडसेटच्या बाहेर, खिशात ठेवायची वस्तू. तिथे जागेची अडचण मुळीच नाही. तरी तिच्या ॲल्युमिनियमच्या डबीतले तीन सेल गाठायचे तर गम, क्लिपा आणि टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचे) स्क्रू असे सगळे पार करावे लागते.

आयफिक्सिटने या यंत्राला तात्पुरते दहापैकी चार गुण दिले. मला स्वतःला असा एकच आकडा पुरेसा वाटत नाही. पिनेने सुटणाऱ्या दांड्यांचे चांगले गुण आणि चिकटवलेल्या काचेचे वाईट गुण एकत्र केले, की गिऱ्हाइकाला एक मधला आकडा दिसतो. स्पीकर क्वचित जातो. काच फुटते आणि बॅटरी उतरत जाते. म्हणून हेडसेटसाठी प्राधान्याच्या भागांची यादी मोबाइलहून वेगळी करावी: पुढची काच, बॅटरी, वायर, पट्टा. यातला एक जरी भाग साध्या हत्यारांनी बदलता येत नसेल, तर बाकी सगळे कितीही चांगले असले तरी एकूण गुण ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ देऊ नयेत.

धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून गम लागतोच, असे कंपन्या सांगतील. लक्ष्मी रस्त्यावरच्या घड्याळवाल्याकडे जाऊन मनगटी घड्याळाची मागची झाकणी पाहावी: रबराची रिंग आणि चार स्क्रू, पाणी आत जात नाही आणि सेल दर वेळी बदलता येतो. कॅमेऱ्यांचे म्हणणे मात्र खरे आहे. कॅमेरा केसभर हलला तरी समोरचे चित्र बिघडते आणि पुन्हा जुळवणी करावी लागते. त्यावर उपाय म्हणजे जुळवणीचे सॉफ्टवेअर आणि सर्व्हिस मॅन्युअल रास्त शुल्क घेऊन बाहेरच्या तंत्रज्ञांनाही देणे. माझ्या वडिलांच्या काळी रेडिओच्या मागच्या झाकणात सर्किटचा नकाशाच चिकटवलेला असे.

सुट्या भागांची मुदतही लिहून घ्यायला हवी. मायक्रोसॉफ्टने कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या होलोलेन्स २ या हेडसेटचे उत्पादन २०२४ मध्ये थांबवले. सुरुवातीला त्याची किंमत ३,५०० डॉलर होती. अशा वस्तूवर अभ्यासक्रम उभा करणाऱ्या संस्थेला पुढे पार्ट किती वर्षे मिळतील, हे खरेदीच्या दिवशीच कळले पाहिजे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनचे महत्त्वाचे भाग विक्री बंद झाल्यावरही सात वर्षे पुरवावे लागतात. हेडसेटला आपल्याकडे तोच नियम लावावा.

यादी ठरवताना विभागाने कंपन्यांच्या प्रतिनिधींबरोबर टेबलावर काम करणाऱ्यांनाही बोलवावे. पेठांतल्या आणि इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार असलेल्या तपकीर गल्लीतल्या दुकानांत काय आधी मोडते आणि कशासाठी गिऱ्हाईक परत जाते, याच्या नोंदी असतात. माझी वही मी द्यायला तयार आहे.

आपली,
एक इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती तंत्रज्ञ,
नारायण पेठ, पुणे