जागलीच्या रात्री आणि रॉक संगीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत रॉक आणि इंडी (मोठ्या कंपन्यांच्या आधाराशिवाय केलेल्या, स्वतंत्र) संगीतावर अलीकडे आलेला लेख मी आवडीने वाचला. लेखात माहिती भरपूर होती, मात्र हे संगीत ऐकणारा मराठी माणूस मुंबई-पुण्यातच राहतो, असे त्यात गृहीत धरलेले दिसले. मी आर्वी तालुक्यात कपाशी, तूर आणि हरभरा पिकवणारा शेतकरी आहे. नागपूरच्या वसतिगृहात एका मित्राच्या कॅसेटमुळे लागलेली ही गोडी गेली तीस वर्षे टिकून आहे. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरे आणि रोही यांच्यापासून तो वाचवण्यासाठी जागलीला जावे लागते, ओलितासाठी वीजही अनेकदा रात्रीच मिळते, आणि माझे बहुतेक ऐकणे अशा रात्रींतच झाले आहे.

कॅनडात जन्मलेले रॉक गायक नील यंग यांचे ‘ओल्ड मॅन’ (म्हातारा माणूस) हे गाणे मला सर्वांत जवळचे वाटते. ते १९७२ च्या ‘हार्वेस्ट’ या अल्बममधले आहे. यंग यांनी ऐन पंचविशीत कॅलिफोर्नियात मोठी जमीन विकत घेतली आणि तिथे आधीपासून देखभालीला असलेल्या वृद्ध गृहस्थांना उद्देशून हे गाणे लिहिले. गायक जेम्स टेलर यांनी वाजवलेला बँजो हे तंतुवाद्य त्यात ऐकू येते; पण मला धरून ठेवते ती त्यातील नजर, कारण नवा तरुण मालक त्या म्हाताऱ्या राखणदाराकडे पाहतो आणि त्याला तिथे स्वतःचेच आयुष्य दिसते. वडिलांच्या पश्चात वावर माझ्याकडे आले तेव्हा मीही त्याच वयाचा होतो. आमच्या घरचे जुने सालदार प्रत्येक धुरा माझ्याहून चांगला ओळखत होते, आणि तरीही साल ठरवण्यापलीकडे मी त्यांच्याशी कधी मोकळेपणाने बोललो नाही. ते आता हयात नाहीत. हे गाणे लागले की ती बोच परत येते.

अमेरिकन रॉक गायक जॉन मेलनकॅम्प यांचे १९८५ चे ‘रेन ऑन द स्केअरक्रो’ (बुजगावण्यावरचा पाऊस) हे गाणे मात्र आपल्या विदर्भातल्या प्रत्येक वाचकाला समजावून सांगितले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. आजोबांनी कसलेली जमीन कर्जापायी लिलावात निघते आणि लिलाव पुकारायला येतो तो शेतकऱ्याचा जुना मित्रच. शेवटी न्यायालयाच्या आवारात रोवलेल्या ९७ क्रूसांचा, म्हणजे ९७ शेते गमावलेल्या ९७ कुटुंबांचा उल्लेख येतो. तेव्हा अमेरिकेतील शेतकरी कर्जाच्या संकटात सापडला होता. जुलै १९८५ मध्ये आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’ या मदत-मैफलीच्या मंचावर अमेरिकन गायक बॉब डिलन यांनी आपल्या देशातील शेतकऱ्यांच्या कर्जाचा विषय काढला, आणि त्यातून गायक विली नेल्सन, मेलनकॅम्प व यंग यांनी २२ सप्टेंबर १९८५ रोजी इलिनॉय राज्यातील शॅम्पेन येथे ‘फार्म एड’ ही मैफल उभी केली. ती परंपरा पुढेही चालू राहिली. ज्या संगीताला आपण श्रीमंत घरच्या मुलांची हौस समजतो, त्यातील नामवंत कलावंत शेतकऱ्याच्या कर्जासाठी एकत्र आले, ही गोष्ट आमच्या भागात फारशी कुणी सांगितलेली नाही.

आपल्या देशातही असे पुष्कळ आहे. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडने २००० सालच्या ‘कंदिसा’ या अल्बममध्ये नर्मदेचे लोकगीत ‘मा रेवा’ या नावाने गायले आहे, आणि ते ऐकताना नदीकाठच्या माणसांचा आवाज कुठेही झाकला जात नाही. कोलकात्याच्या ‘मोहीनेर घोडागुली’ (मोहीनचे घोडे) या १९७५ च्या बँडने आपले नाव बंगाली कवी जीवनानंद दास यांच्या एका कवितेवरून घेतले, ज्यात कार्तिकातल्या चांदण्यात माळावर घोडे चरत आहेत. कार्तिकातली ती रात्र मी वावरात कितीदा पाहिली आहे!

हा नुसता गोंगाट आहे, असे गावातील ज्येष्ठ म्हणतात. त्यांचा मी आदर करतो, परंतु राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्यांनी कानांत साठवली आहे, त्यांना तालाचा आणि उंच स्वराचा परकेपणा वाटावा, हे मला पटत नाही. माझी तक्रार असलीच तर नव्या इंडी गाण्यांविषयी आहे. त्यांपैकी बरीच एकट्याच्या प्रेमभंगापाशीच थांबतात. वऱ्हाडी बोलीत, पऱ्हाटीच्या आणि पावसाच्या गोष्टी सांगणारा एखादा बँड ऐकण्याची मला फार इच्छा आहे.

आज गावातल्या मुलांच्या हाती फोन आहे आणि कोणतेही गाणे त्यांना क्षणात मिळते, अर्थ मात्र मिळत नाही. मागच्या हिवाळ्यात जागलीवर मी माझ्या पुतण्याला ‘रेन ऑन द स्केअरक्रो’चा अर्थ ओळीओळीने सांगितला, तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही आणि दुसऱ्या दिवशी अशी आणखी गाणी कोणती, हे विचारू लागला. मला मोजकीच सांगता आली. आपल्या पुरवणीतून दर आठवड्याला अशा एका गाण्याचा इतिहास आणि अर्थ सविस्तर मराठीत द्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा