पलटणीत लागलेली सिगारेट

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तू सिगारेट ओढायला लागलास हे मला ताईकडून कळलं. तिच्यावर चिडू नकोस. तिला तुझी काळजी वाटली म्हणून ती बोलली. फोनवर तुझ्या शेजारी कोणी ना कोणी उभं असतं, मोकळं बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले.

बेळगावला ट्रेनिंग संपेपर्यंत तू विडी-सिगारेटला शिवला नव्हतास, हे मला माहीत आहे. पलटणीत गेल्यावर लागली. तुझ्या बाबांचंही अगदी असंच झालं. भरती झाले तेव्हा सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसत. द्रासच्या बाजूला पोस्टवर गेले आणि तिथे सिगारेट हातात आली. संत्री ड्यूटीवरून उतरलं की बंकरमध्ये बुखारीभोवती, म्हणजे तिथल्या शेगडीभोवती, चौघं बसायचे, एकच सिगारेट फिरायची, दोन-दोन झुरके. ज्याला घरचं पत्र आलं नसेल त्याला आधी द्यायची, अशी त्यांच्यात रीत होती. रात्री पेटलेलं टोक लांबून दिसतं, म्हणून ते मुठीच्या आत लपवून ओढायचं. घरी आल्यावर अंगणात बसूनही ते सिगारेट तशीच धरायचे. बोटांच्या आतल्या बाजूची कातडी पिवळी पडली होती, साबणाने घासली तरी जायची नाही.

म्हणून मी तुला वाईट संगतीचं व्याख्यान देणार नाही. ती माणसं वाईट नव्हतीच. त्यांच्यातल्याच एकाने बाबांना तापात खांद्यावर घेऊन खाली आणलं होतं. सिगारेट त्यांच्या हातून मिळाली, म्हणून ती सोडताना बाबांना त्यांनाच सोडल्यासारखं वाटायचं. मला हे कळायला फार वर्षं लागली, आणि तुला ते आत्ताच कळावं म्हणून हा सगळा खटाटोप.

सैन्य आणि तंबाखू यांची सोयरीक जुनी आहे. पहिल्या महायुद्धात, 1914 च्या नाताळात, इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांसाठी पितळी डब्या निघाल्या होत्या. तुझ्या आज्ज्याच्या मामांकडे तशी एक होती, त्यांच्या घरातली म्हातारी तिच्यात चुना ठेवायची. गोऱ्या शिपायांच्या डबीत तंबाखू आणि सिगारेटी असत. आपल्याकडच्या बहुतेक शिपायांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाल्याची डबी मिळे. शिखांना मात्र खडीसाखर आणि मसालेच, कारण त्यांच्या धर्मात तंबाखू वर्ज्य. अमेरिकेच्या फौजेत तर 1975 पर्यंत शिध्याच्या डब्यातच सिगारेटी घालून देत होते. सरकारच हातात देतंय म्हटल्यावर विशीतल्या पोराने नाही कशाला म्हणायचं?

पण त्या शिखांचा विचार कर. तेच खंदक, तीच थंडी, तोच तोफखाना, आणि तंबाखूशिवाय ते लढले. आजही शीख पलटणींतली पोरं तशाच उंचीवर पहारा देतात. तेव्हा "ताई, इथं याच्याशिवाय निभत नाही" असं तू ताईला सांगितलंस ते मला पटलेलं नाही. तुला विसावा लागतो, ऊब लागते, कोणाजवळ तरी बसावंसं वाटतं, हे मात्र शंभर टक्के खरं आहे.

आता नर्स म्हणून दोन गोष्टी सांगते. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. 18,000 फुटांवर हवेचा दाब खालच्यापेक्षा जेमतेम निम्मा, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच, आणि त्यातलाही वाटा धूर अडवून बसतो. निकोटीनने हातापायांच्या बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात. तुला सिगारेट ओढून ऊब आल्यासारखं वाटतं, पण तुझी बोटं जास्त गार पडलेली असतात. हिमदंशाचा धोका त्यानेच वाढतो. पुढच्या पोस्टिंगला वर जायचं आहे म्हणालास, म्हणून मला घाई आहे.

बाबांनी सोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. आषाढीला माळ घातली, वारीभर एकदाही ओढली नाही, आम्ही सगळे हरखलो. परत आल्यावर पलटणीतल्या जुन्या मंडळींचा मेळावा झाला आणि तिथे पुन्हा सुरू. मग सिगारेट बंद करून तंबाखू-चुना मळायला लागले. तंबाखूचा उजेड दिसत नाही, धूर निघत नाही, म्हणून पहाऱ्यावर तो बरा, असं त्यांच्यातले काही म्हणत. आगीतून फुफाट्यात! तुझ्याकडे कोणी ती पुडी पुढे केली तर घेऊ नकोस. आमच्या वॉर्डात तोंड उघडता येत नाही अशी चाळिशीची माणसं मी पाहिली आहेत.

एका डॉक्टरांनी बाबांना "सोडा, नाहीतर मराल" एवढंच सांगून परत पाठवलं. तेवढ्याने काही होत नाही रे. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत कठीण असतात, चिडचिड, झोप नाही, डोकं जड, आणि पुढेही काही आठवडे तलफ येत राहते. माणसाला वाटतं आपल्यात दम नाही. तसं नसतं, शरीराला निकोटीनची सवय झालेली असते.

शेवटी धाप लागून जिना चढवेना, तपासणीत सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा कायमचा दम्यासारखा आजार, निघाला, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी नीट हातात घेतलं. निकोटीनचं च्युइंगम दिलं. उठल्या उठल्या अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागायची, म्हणून 4 मिलिग्रॅमचं. सुरुवातीला त्यांनी ते पेपरमिंटसारखं भराभर चघळलं, उचक्या लागल्या आणि थुंकून टाकलं. मग मी समोर बसून शिकवलं: हळू चावायचं, तोंडात चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा नाही. आणि त्यांच्या त्या खांद्यावर घेणाऱ्या मित्राला मी स्वतः फोन केला. ते आता रोज संध्याकाळी, बाबांच्या सिगारेटच्या वेळेला, फोन करतात आणि अर्धा-अर्धा तास दोघं जुन्या गोष्टी बोलतात. माझ्या मते च्युइंगमइतकंच काम त्या फोनने केलं. गेल्या दिवाळीपासून बाबांनी एकदाही ओढलेली नाही. फुप्फुसं मात्र होती तशी होणार नाहीत, पंप आयुष्यभर घ्यावा लागणार.

तुझं अजून वर्षही झालेलं नाही. तू एकट्याने, कोणाला न सांगता सोडायला जाऊ नकोस. तुझ्या बडीला, पलटणीतल्या जोडीदाराला, सांग, आणि ड्यूटीवरून उतरल्यावर त्याच्यासोबत बस, पण हातात चहाचा मग घेऊन. मंडळी उठून ओढायला गेली तर तूही उठ, फक्त काडी पेटवू नकोस. तलफ चार-पाच मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा. युनिटच्या डॉक्टरांकडे जा, लाजू नकोस. 1800-11-2356 हा नंबर तुझ्या सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला आहे, फुकट आहे, तिथली माणसं रागवत नाहीत. एखाद्या दिवशी चुकून ओढलीस तर दुसऱ्या दिवशी परत सुरुवात कर आणि मला सांग. मी ओरडणार नाही, शब्द देते.

पार्सलमध्ये डिंकाचे लाडू, आवळा सुपारी आणि भाजलेली बडीशेप-ओवा पाठवते आहे. बडीशेपेची छोटी डबी खिशात राहील अशी आहे. रविवारी जेवणानंतर फोन कर, बाबांना तुझ्याशी या विषयावर स्वतः बोलायचं आहे. त्यांनी ताईला सांगून ठेवलंय की मी मध्ये बोलायचं नाही, तेव्हा मी स्वयंपाकघरात असेन.

तुझी,
आई