‘तुमची तयारी किती?’ : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी मी एका अनुदानित महाविद्यालयात मराठीच्या सहायक प्राध्यापक पदाच्या मुलाखतीला गेले होते. जागा १, उमेदवार ४१. पहाटे चारच्या एसटीने निघाले आणि दहापासून बाकावर बसून होते. आत गेले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, बाहेर आले तेव्हा तीन चौदा. पीएच.डी.चा विषय विचारला, गाव विचारलं, आडनावावरून एक प्रश्न विचारला. तो मी इथे लिहीत नाही.

व्हरांड्यात संस्थेचे एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, तुमची कागदपत्रं चांगली आहेत. तयारी किती?”

मी सांगायला लागले. भाषाविज्ञान शिकवते, मध्ययुगीन साहित्य शिकवते, पदव्युत्तर वर्ग घेऊ शकते. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं, मग हात वर केला. “ती तयारी नाही हो. आकडा बोला.” मी गप्प राहिले तेव्हा आकडा त्यांनीच सांगितला. माझ्या वडिलांची साडेतीन एकर कोरडवाहू विकली तरी त्याच्या जवळपास जाता येत नाही.

तुम्ही पुरावा मागाल. माझ्याकडे नाही. पण प्राध्यापक पदाची सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा पास झालेल्या राज्यातल्या कुणालाही ‘तयारी’ या शब्दाचा अर्थ विचारा, तो तुम्हाला सांगेल.

माझी तयारी काय होती तेही ऐका. २०१२ साली एम.ए. झाले. सेटला बसलेल्यांपैकी जेमतेम ६ टक्के पात्र ठरतात. मी तिसऱ्या खेपेला ठरले. मग पीएच.डी.साठी जिंतूर आणि सेनगाव तालुक्यांतली गावं पायी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एका आजींना नुसतं बसून ओवी आठवेचना. “जात्याबिगर कसं येईल माय?” म्हणाल्या. त्यांच्या जात्याच्या खालच्या तळीचा आता न्हाणीत पाय घासायचा दगड झाला होता आणि वरची पाळू उकिरड्याच्या कडेला पडली होती. नातवाने आणि मी दोन्ही उचलून आणली, धुतली, खुंटा ठोकला. मूठभर ज्वारी टाकून त्यांनी दोन फेरे ओढले आणि ओवी आली. एकामागून एक चौतीस ओव्या आल्या. त्या कुठल्याही पुस्तकात नव्हत्या. आजी पुढच्या वर्षी वारल्या.

हे काम कुणी तरी करायला हवं की नको? तुम्हीच सांगा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा चौकाचौकात फ्लेक्स लागले. तो दर्जा फ्लेक्सने मिळालेला नाही. रंगनाथ पठारे यांच्या समितीने अहवाल तयार केला. नाणेघाटातला शिलालेख, हाल सातवाहनाची गाथासप्तशती, लीळाचरित्र यांच्या आधाराने भाषेचं वय सिद्ध करावं लागलं. शिलालेख वाचणारी, पोथ्यांची पाठचिकित्सा करणारी माणसं कला शाखेच्या वर्गांतूनच तयार होतात. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या विद्यापीठात जायला मुलं जिथून निघणार, त्या तालुक्याच्या कॉलेजातला मराठी विभाग आज एका तासिकावाल्या बाईवर चालतो. ती बाई मी.

मला तासाप्रमाणे पैसे मिळतात, तेही वर्षातले आठ-नऊ महिने. यंदाचं दुसऱ्या सत्राचं मानधन दिवाळीच्या तोंडावर मिळालं. पेपर तपासणं, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइली, निवडणुकीची जनजागृती, भाषा गौरव दिनाची ग्रंथदिंडी, या कशाचाही तास धरला जात नाही. मे महिन्यात मी गावातल्या डीटीपी सेंटरवर लग्नपत्रिका टाइप करते. गेल्या उन्हाळ्यात माझ्याच एका विद्यार्थ्याची पत्रिका टाइप केली. तो काउंटरच्या पलीकडे खाली मान घालून उभा होता.

आता तुमची बाजू. २५ मे २०१७ ला प्राध्यापक भरती बंद. २०१८ ला ३,५८० पदांची घोषणा. ती पुरती भरायच्या आत करोना आला, ४ मे २०२० ला पुन्हा बंदी. २०२१ ला उरलेल्या २,०८८ पदांना मान्यता. मध्ये आरक्षणाचा रोस्टर, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला याचा तक्ता, विषयवार की संपूर्ण संस्थेचा, यात दोन वर्षं गेली. विद्यापीठातल्या पदांना पीएच.डी. अनिवार्य म्हणून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) आम्हाला पळवलं आणि २०२३ ला ती अट काढली. दर सरकार, दर मंत्री ‘लवकरच’ म्हणतो. माझी तिशी या एका शब्दात गेली. घरी आईने माझ्या लग्नाचा विषय काढणं बंद केलं, कारण स्थळ पहिला प्रश्न ‘पर्मनंट का?’ हाच विचारायचं.

आणि नवं शैक्षणिक धोरण. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला ४ श्रेयांकांचं (क्रेडिटचं) ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकणं, आलं. कल्पना चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण आमच्या तालुक्यात मराठीच्या मुलांनी जायचं कुठे? एक साप्ताहिक होतं, ते बंद पडलं. शेवटी सहा मुलींना घेऊन मी त्याच डीटीपी सेंटरवर गेले. मालकाने नाव, शिक्का सगळं दिलं, भला माणूस. मुली तिथे मुद्रितशोधन शिकल्या. जिल्ह्याच्या ग्रंथालयांत, अभिलेखागारांत, आकाशवाणी केंद्रांत, गॅझेटियरच्या कामात या मुलींना बसवणं सरकारला अवघड होतं का? तिथे मोडी वाचणारं माणूस मिळत नाही म्हणून जुन्या कागदांचे रुमाल बांधून पडलेत. इकडे मुलं रिकामी, तिकडे दप्तर वाचणाऱ्याची वाट बघतंय. मध्ये एक पत्र पाठवायचं होतं, ते कुणी पाठवलं नाही.

‘आर्ट्सला काय भविष्य’ असं लोक म्हणतात. शिकवायला माणूस द्यायचा नाही, ग्रंथालयाचं अनुदान द्यायचं नाही, आणि मुलगा निघून इंजिनिअरिंगला गेला की विद्यार्थीसंख्या नाही म्हणून तुकडी बंद करायची. इतिहास, तत्त्वज्ञान, भाषा शिकलेली माणसं या राज्याला नको आहेत, असं सरकारचं ठरलं असेल तर तसं लिहून जाहीर करा. आम्ही निदान दुसरं काही बघू.

ठरलं नसेल, तर मागणी एकच आहे. सहायक प्राध्यापकांची निवड संस्थाचालकांच्या हातातून काढा. पगार सरकार देतं, मग परीक्षा आणि मुलाखतही लोकसेवा आयोगासारख्या यंत्रणेने घ्यावी, गुण त्याच दिवशी भिंतीवर लावावेत. तासिकेचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्या, हेही आहेच, पण ते मी मागत नाही. पहिलं करा.

माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी आहे. वडील ऊसतोडीला जातात. तिने आजीच्या बत्तीस ओव्या वहीत उतरवून आणल्या, प्रत्येकीखाली अवघड शब्दांचे अर्थ लिहिले, मी न सांगता. शनिवारी तास संपल्यावर ती थांबली आणि म्हणाली, “मॅडम, मराठीत एम.ए. करू का? तुमच्यासारखं व्हायचंय.”

मी तिला सोमवारी सांगते म्हणाले. आज रविवार आहे. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. तिला काय सांगू, ते तुम्ही कळवा.

आपली,
तासिका तत्त्वावरील एक सहायक प्राध्यापक, मराठी