माझ्या वडिलांच्या तळहातावर नदी काढून दाखवणाऱ्या मार्गदर्शकास

आदरणीय मार्गदर्शक महोदय,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहीत आहे, त्यामुळे ते आपल्याला थेट वाचता येणार नाही. त्याचा इंग्रजी मजकूर आपल्याला वेगळा पाठवत आहे. तरीही ते मराठीत आणि असे उघडपणे लिहावेसे वाटले, कारण म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन परदेशी निघणारी पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांना सहली विकणारी मराठी माणसेही आहेत. कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेनमध्ये, आपण एका दिवसात जे केले, ते या दोघांच्याही वाचनात यावे अशी माझी इच्छा आहे.

माझ्या वडिलांची दृष्टी काचबिंदूने जवळजवळ नेली आहे. उजेड आणि सावली त्यांना कळते, समोर माणूस उभा आहे एवढे कळते, चेहरा कळत नाही. नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्यात केली. सांगलीच्या परिसरात कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या पाण्याची पातळी मोजण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. कंबोडियात वर्षातून दोनदा दिशा बदलणारी एक नदी आहे, हे त्यांनी तरुणपणी कुठेतरी वाचले होते आणि ती पाहायची इच्छा डोळे गेल्यावरही सुटली नव्हती. सहलीच्या मागे खरे कारण होते ते हे.

आपली भेट होण्याआधी आम्ही एका सहल कंपनीच्या गटाबरोबर अंगकोरची प्राचीन मंदिरे पाहिली, किंवा खरे सांगायचे तर मी पाहिले. या कंपनीच्या माहितीपत्रकात ‘ज्येष्ठांची विशेष काळजी’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. प्रत्यक्षात ती काळजी म्हणजे बाबांना बसमध्ये बसवून ठेवणे. उंच पायऱ्यांपाशी थांबवले असते तर मी एका शब्दानेही तक्रार केली नसती. पण अंगकोर वाटच्या पूर्वेकडील ओवरीत समुद्रमंथनाचा जो सुमारे 49 मीटर लांबीचा शिल्पपट आहे, तिथवर त्यांना हात धरून सावकाश नेता आले असते, आणि तशी विनंती मी केली तेव्हा गटप्रमुखांनी बाबांच्या देखतच मला विचारले, ‘‘पण त्यांना तिथे नेऊन दिसणार काय?’’ बाबा काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी बसमधून उतरायलाच नकार दिला. गट परतल्यावर आम्ही दोघे नॉम पेनला आलो, तेही मी हट्ट धरला म्हणून.

सकाळी आपण हॉटेलच्या दारात आलात, हात जोडून मला नमस्कार केलात आणि लगेच बाबांच्या समोर जाऊन उभे राहिलात. त्यांना ‘लोक ता’, म्हणजे आजोबा, अशी हाक मारून आपण विचारलेत, ‘‘आज आपल्याला काय काय पाहायचे आहे?’’ हा प्रश्न आपण त्यांना विचारलात, मला नाही. विमानतळावर, उपाहारगृहात, दवाखान्यात, सगळीकडे लोक बाबांविषयीचे प्रश्न मला विचारतात, जणू ते मी बरोबर आणलेले सामान आहे. बाबांनी ताठ होऊन आपल्याला उत्तर दिले, ‘‘नदी. बाकीचे तुम्ही ठरवा.’’

राजवाड्यात आपण घाई केली नाहीत. राजा नोरोडोमने 1866 साली राजधानी उडाँगहून नॉम पेनला आणली आणि मग हा वाडा उभा राहिला, इतका इतिहास सांगून आपण थांबलात. रजत पॅगोड्याच्या पाच हजारांहून अधिक चांदीच्या फरशा बहुतेक ठिकाणी गालिच्याखाली झाकलेल्या आहेत. तिथे अनवाणी उभ्या असलेल्या बाबांना आपण म्हणालात की इथे आपण सगळे सारखेच, चांदी कोणालाच दिसत नाही. ते मोठ्याने हसले. कित्येक आठवड्यांत मी ते हसणे ऐकले नव्हते.

आणि मग भोवतालच्या ओवरीतली ती लांबच लांब भित्तिचित्रे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगवलेल्या या चित्रांत रामायणाची ख्मेर, म्हणजे कंबोडियन, कथा आहे. ओल लागून अनेक ठिकाणी चित्रांचा खालचा भाग उडून गेला आहे, त्यामुळे कथा माहीत नसेल तर डोळस माणसालाही तिथे फारसे हाती लागत नाही. आपण चित्र सोडून कथेला हात घातलात. हनुमान सेतू बांधतो आहे, रावणाची मत्स्यकन्या सोवान मच्छा दगड पळवते आहे, हनुमान तिला गाठतो आणि पुढे दोघांचे प्रेम जमते, हे ऐकल्यावर बाबांनी काठी आपटून आक्षेप नोंदवला की आमचा मारुती ब्रह्मचारी आहे. आपण अत्यंत गंभीरपणे उत्तर दिलेत की समुद्र ओलांडून इतक्या लांब आल्यावर त्याचा नियम थोडा सैल झाला असावा. (गावाकडच्या मारुतीच्या देवळात ही हकिगत सांगायची की नाही, यावर आमच्या घरी अजून एकमत झालेले नाही.)

राष्ट्रीय संग्रहालयाच्या लाल इमारतीत मूर्तींना हात लावायला मनाई आहे. मी रखवालदाराला विनवणी करण्याच्या बेतात होते, तर आपण मला थांबवलेत. नियम मोडून कोणावर उपकार करण्याची आपली पद्धत नव्हती. त्याऐवजी नॉम दा इथल्या अष्टभुज विष्णूसमोर आपण बाबांचा एक हात वर, एक किंचित पुढे असा धरून मूर्तीची ठेवण त्यांच्या अंगावर समजावून दिलीत आणि मागची दगडी कमान त्या आठ हातांना कसा आधार देते, तेही सांगितलेत. जयवर्मन सातवा याच्या पुतळ्यापाशी आपण एवढेच म्हणालात की या राजाचे डोळे मिटलेले आहेत आणि त्याच्या काळच्या शिलालेखात राज्यातल्या 102 रुग्णालयांचा उल्लेख आहे. मिटलेल्या डोळ्यांविषयी बाबा काही बोलले नाहीत. 102 हा आकडा मात्र त्यांनी पाठ करून ठेवला आहे.

तुओल स्लेंगच्या फाटकाबाहेर आपण पुन्हा त्यांनाच विचारलेत, आत जायचे की नाही, आणि नाही म्हटले तरी चालेल, हेही सांगितलेत. ते म्हणाले, जायचे. एका शाळेच्या वर्गांत विटांच्या कोठड्या घालून ख्मेर रूज या जहाल कम्युनिस्ट राजवटीने 1975 ते 1979 या काळात तिथे तुरुंग चालवला होता. 2025 साली या जागेचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. आपण आवाज खाली आणून मोजके बोललात. 17 एप्रिल 1975 रोजी शहर त्या राजवटीच्या ताब्यात गेल्यावर सगळ्या रहिवाशांना बाहेर काढण्यात आले, तेव्हा आपली आईही पायी निघाली होती, एवढे एकच वाक्य आपण घरचे म्हणून सांगितलेत. बाबांनी आपला दंड शोधून तो घट्ट धरला. त्याविषयी मी येथे अधिक लिहिणार नाही.

संध्याकाळी आपण आम्हाला सिसोवाथ किनाऱ्यावर घेऊन आलात. समोर नद्यांचा संगम, वर निवळलेले आकाश, आणि ज्यांच्यासाठी एवढा प्रवास केला, त्या बाबांना समोर केवळ एक उजळ पट्टा दिसत होता. मी वर्णन करू लागले आणि अडखळले. तेवढ्यात आपण बाबांच्या शेजारी बसून ‘‘परवानगी आहे का?’’ असे विचारलेत आणि त्यांचा उजवा हात हातात घेऊन तळवा वर केलात. बोटे उत्तरेला, मनगट दक्षिणेला. तर्जनीच्या मुळापासून आपण बोटाने एक रेघ तळव्याच्या मध्यापर्यंत आणलीत. ही मेकाँग. करंगळीच्या टोकापासून दुसरी रेघ त्याच बिंदूला आणून मिळवलीत. ही तोन्ले साप, आणि करंगळीच्या टोकाशी तिचे सरोवर. मग त्या मध्यावरून मनगटाकडे दोन फाटे काढलेत, अंगठ्याच्या बाजूने खालची मेकाँग आणि दुसऱ्या बाजूने बासाक. ‘‘आत्ता हिवाळ्यात पाणी असे येते,’’ म्हणत आपण बोट करंगळीकडून मध्याकडे उतरवलेत. ‘‘आणि पावसाळ्यात मेकाँगला पूर चढला, की असे.’’ आपले बोट उलटे फिरले, मध्यावरून करंगळीच्या टोकापर्यंत गेले आणि तिथे आपण हलकेच दाबलेत. कोरड्या दिवसांत जेमतेम 2,500 चौरस किलोमीटर असणारे सरोवर त्या पाण्याने 10,000 च्याही पुढे पसरते, हे सांगताना आपण त्यांची पाचही बोटे फाकवलीत.

बाबा क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांच्या आवाजात एकदम खात्यातला जुना माणूस आला. कृष्णा फुगली की हरिपूरच्या संगमावर वारणेला फुगवटा येतो, पाणी मागे सरते, पण आख्खी नदीच माघारी फिरावी, म्हणजे तिला उतार तरी किती कमी असेल, असे त्यांनी आपल्याला विचारले. आपण मान डोलावून विषय संपवला नाहीत. उलट आपणच त्यांना प्रश्न विचारलेत. 2019 आणि 2020 साली मेकाँगला पाणी कमी आले, प्रवाह उलटायला उशीर झाला, मासेमारांचे हाल झाले, तर वरच्या अंगाच्या धरणांचा यात कितपत हात असेल, हे धरणांच्या खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाकडून आपल्याला ऐकायचे होते. त्यानंतर अंधार पडेपर्यंत आपण दोघे विसर्ग, गाळ आणि दरवाजे उघडण्याच्या वेळा यांवर बोलत बसलात. माझ्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते आणि मला त्याचा अतोनात आनंद होत होता.

ठरलेली वेळ केव्हाच उलटून गेली होती. त्याचे जादा पैसे आपण घेतले नाहीत. पण मला आठवत राहते ती आपली परवानगी मागण्याची रीत. आंधळ्या माणसाचा हात लोक सहज ओढतात, रस्ता ओलांडायला लावतात, खुर्चीत दाबून बसवतात, आणि त्यांचा हेतूही बहुधा चांगलाच असतो. आपण आधी विचारलेत. सौजन्यासाठी मोठी व्यवस्था किंवा माहितीपत्रकातली ठळक अक्षरे लागत नाहीत, समोरचा माणूस अजून तिथे आहे, त्याला मत आहे, कुतूहल आहे, एवढे ध्यानात असावे लागते. हे ज्यांच्या ध्यानात नव्हते, त्या कंपनीला मी तक्रारीचे पत्र पाठवले होते. उत्तरादाखल पुढच्या सहलीवर सवलत देऊ केल्याचा संदेश आला.

आता बाबांचा निरोप. आमच्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास आपल्याकडे जलोत्सव असतो आणि राजवाड्यासमोर होड्यांच्या शर्यती होतात, हे आपण सांगितले होते. त्यांना शर्यतींपेक्षा पाण्याविषयी जास्त विचारायचे आहे. प्रवाह उलटतो तेव्हा पाणी मध्ये किती वेळ थांबून असते, आणि नदी सगळ्या पात्रात एकदम वळते की आधी एका काठाने, हे आपण पुढच्या पावसाळ्यात किनाऱ्यावर उभे राहून पाहावे आणि कळवावे, असे त्यांनी सांगितले आहे. जमल्यास मोजपट्टीवरची पातळीही लिहावी. पत्ता इंग्रजी मजकुरात दिला आहे.

आपली ऋणी,
आपल्या सांगलीच्या पाहुण्यांची लेक