जळगावचं ट्रेनवालं दुकान आणि तुझं "ऑनलाइन मागव ना"

भुसावळ

प्रिय दोस्ता,

काय भो, मेसेजला उत्तर दिलं नाही म्हणून चिडला असशील, पण ते दोन ओळीत मावणारं नव्हतं म्हणून आता निवांत बसून लिहितोय. मी कळवलं की जळगावचं आपलं मॉडेल ट्रेनवालं दुकान बंद होतंय, तर तुझं लगेच "मग काय झालं, ऑनलाइन मागव ना" आणि वर तो दात काढणारा इमोजी. म्हणून हे सगळं पुराण.

आधी खरं ते बोलू, दुकान काही फार भारी नव्हतं. पुढे कॅरम, बॅडमिंटन, वाढदिवसाचे फुगे, आणि मागच्या भिंतीला ते एक काचेचं कपाट, त्यात हॉर्नबी या इंग्लिश कंपनीची चार-दोन छोटी इंजिनं, थोडे डबे, रुळांची पाकिटं. दुकानदार काका तिरसट, भावात रुपया सोडायचे नाहीत, आणि "डीसीसी आहे का" (एकाच रुळावरची इंजिनं वेगवेगळी चालवायची डिजिटल सिस्टीम) विचारलं की असं बघायचे जसं आपण उधारीच मागितली. नुसत्या मॉडेल ट्रेनवर पोट भरणारं दुकान आपल्या खान्देशात मी तरी कधी पाहिलं नाही, काकांचं घर पण कॅरम अन् फुग्यांवरच चालायचं, ट्रेन म्हणजे त्यांची स्वतःची हौस.

पण तुला ते टँक इंजिन आठवतं ना माझं, हिरवं? मध्यंतरी ते चढावर जागच्या जागी चाकं फिरवायचं, तीन डबे ओढवेनात. मला वाटलं मोटर गेली. काकांनी उलटं केलं, भिंग लावलं आणि म्हणाले रबर कडक झालंय, तुमच्या भुसावळच्या उन्हात अजून काय होणार. चाकाच्या खाचेत एक रबरी रिंग असते बघ, शेवयीपेक्षा बारीक, ती त्यांनी टाचणीने उचकटली, नवीन रिंग दोन टाचण्यांनी ताणून बसवली, कुठे पीळ पडलाय का ते नखाने चाचपलं, मग इअरबडवर स्पिरिट घेऊन बाकीची चाकं पुसली, करंट घेणाऱ्या पत्र्या जराशा आत वाकवल्या आणि काउंटरवरच्या हातभर रुळावर सोडलं. पळालं ना! किती घेतले माहितीये? रिंगचे पैसे. मजुरीचं नावच काढलं नाही, उलट चहा पाजला.

आता ही रिंग तू ऑनलाइन मागव. मिळते, नाही असं नाही, पण कोणत्या मापाची ते तुला माहीत पाहिजे, आणि पोस्टेज रिंगच्या कितीतरी पट. ट्रेनच्या कपाटाचा गल्ला चालायचा इंजिनावर आणि गिऱ्हाईक टिकायचं या बारीकसारीक गोष्टींवर, रिंग, मोटरचे कार्बन ब्रश, रूळ जोडायच्या क्लिपा, तेलाची बाटली. ऑनलाइनने इंजिन तेवढं नेलं आणि क्लिपा काकांकडे ठेवल्या, आता नुसत्या क्लिपा विकून त्या कपाटाचा खर्च कसा निघणार सांग.

आणि हे फक्त आपल्याकडचं रडगाणं नाही. इंग्लंडात लिव्हरपूलचं हॅटन्स, १९४६ सालचं मॉडेल ट्रेनचं दुकान, नंतर वेबसाइटवर माल विकण्यात एकदम तरबेज झालेलं, त्यांनी पण २०२४ च्या सुरुवातीला जाहीर केलं की बंद करतोय. म्हणजे ऑनलाइनवालाच ऑनलाइनच्या जमान्यात बसला! तिकडे आता बराच माल ठरावीक बॅचमध्ये निघतो, वर्ष-वर्ष आधी घोषणा, प्री-ऑर्डर करा नाहीतर विसरा, आणि हॉर्नबीसारखी कंपनी स्वतःच्या साइटवरून थेट पण विकते, मग मधल्या दुकानदाराने करायचं काय. मार्कलिन तर मॉडेल ट्रेन बनवणारी १८५९ ची जर्मन कंपनी, २००९ मध्ये दीडशे वर्षं झाली त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. पुढे सावरली ती, दुसऱ्या खेळण्यांच्या कंपनीने घेतली, पण ज्यांच्या नावावर अख्खा छंद उभा राहिला त्यांची ही गत, तर काकांचं कपाट किस झाड की पत्ती.

आपल्याकडे वरून सरकारी भानगड वेगळी. २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० वरून थेट ६० टक्के, २०२३ मध्ये ७०. कस्टमच्या हिशोबात बाहुली, पोराची तीनचाकी आणि आपलं स्केल मॉडेल सगळं एकाच ९५०३ नंबरखाली येतं. त्यात २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क कंपल्सरी. चिनी कचरा थांबावा म्हणून केलं असेल, ते ठीकच आहे, देशी खेळणी बनवणाऱ्यांना फायदा झाला असेल तर चांगलंच, पण चाळिशीतला माणूस गच्चीवरच्या खोलीत जे इंजिन चालवतो ते पोराचं खेळणं नाही हे समजावत कोण बसणार. काकांचा मुंबईचा इम्पोर्टर हळूहळू आखडला, मग कपाट रिकामं होत गेलं, जुन्या स्टॉकवर जुनीच धूळ, आणि नवीन पोरगं आत आलं तरी बघायला काही नाही.

मला जास्त लागलं ते हेच. आपण कसे लागलो या नादाला? भुसावळच्या रेल्वे शेडमधली इंजिनं बघत मोठे झालो ते खरंय, पण ते घरी पण करता येतं हे कळलं त्या काचेच्या कपाटापुढे. ज्याला माहीतच नाही की अशी वस्तू असते, तो सर्च तरी काय करणार? तुझ्या मुलाला विचार, त्याला गेममधली ट्रेन माहिती असेल, हातात घेतलेली नाही. असो, यावरून भांडू नको, त्याला पुण्यात ते कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम तरी दाखव, घराजवळ असून गेला नाहीस म्हणजे कमाल आहे भो तुझी.

आणि एक गंमत, जी पुस्तकात सापडत नाही. इंग्रजांच्या पुस्तकात रूळ कसे बसवायचे ते सगळं असतं, पण ४५ डिग्रीत काय होतं ते कुठं असणार. मे महिन्यात माझ्या रुळांना कुबड यायचं. काका म्हणाले, सांध्यात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेव आणि हिवाळ्यात लावत असशील तर त्याहून जराशी जास्त. झालं, कुबड बंद.

आता मुद्द्याचं. काकांनी उरलेला माल घेऊन जा म्हणून फोन केला होता, गेलो. बराचसा कामाचा नव्हता, पण एका खोक्यात एन गेजचे रूळ निघाले, म्हणजे दोन पट्ट्यांत नऊ मिलीमीटर अंतर असलेले, कोणी घेईना म्हणून पडलेले. मी तिथंच मोबाइलवर हिशोब केला. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटर, आपल्या मॉडेलांचं एचओ माप म्हणजे खऱ्याच्या १:८७, त्याने ती सव्वाएकोणीस यायला पाहिजे, आणि आपण सगळे चालवतो साडेसोळाच्या रुळावर, म्हणजे आपलं प्रत्येक भारतीय मॉडेल खालून बारीकच, ते आपण कायम चालवून घेतलं. पण आपली पीजे? पाचोरा-जामनेर नॅरोगेज, ७६२ मिलीमीटर. भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ. नऊच्या रुळावर जवळजवळ बरोब्बर! आयुष्यभर खोटी ब्रॉडगेज चालवली आणि खरी गाडी आपल्या जिल्ह्यातच होती.

पीजे तर २०२० च्या लॉकडाऊनला थांबली ती थांबलीच, आता ब्रॉडगेजचं काम. ५६ किलोमीटरची ती गाडी रेडिमेड कोणी बनवणार नाही, ना हॉर्नबी ना चीन. म्हणजे इथं ऑनलाइनवाला पण हात वर करतो, आपल्यालाच करावी लागेल. इंजिनाची बॉडी थ्रीडी प्रिंट करू, जळगावात एक पोरगा करून देतो, खाली जपानी एन गेजची मोटरवाली चेसिस घालू. डबे मी पत्र्याचे करतो. शेंदुर्णी आणि पहूर ही दोन स्टेशनं पुरे, अख्खी लाइन करायला खोली नाही. चढ नको, नाहीतर परत रबराची कटकट, आणि आता रिंग आणायला दुकान नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले संध्याकाळी येत जाईन, दुकान बंद झाल्यावर मला काय काम आहे, पण मोटर सोल्डर करताना मला हात लावू देणार असशील तरच.

तुझ्याकडे पीजेचे जुने फोटो आहेत ना, तू आणि तुझा मावसभाऊ दारात लटकलाय तो, त्यात डब्याची खिडकी आणि पायरी नीट दिसते, तो मोठा स्कॅन करून पाठव, व्हॉट्सॲपवर नको, दाबून टाकतं, ईमेल कर. दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढ, वहिनींना भरीत-पुरीचं आमिष मी दाखवतो. आणि येताना पुण्यातून बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न आण, माझ्याकडचा ट्रॅक्टरच्या वायरिंगचा आहे.

तुझाच,
भुसावळवाला