बक्षीस म्हणजे मानधन नव्हे

महोदय,

बुडापेस्ट येथील अॅथलेटिक्सच्या ‘अल्टिमेट चॅम्पियनशिप’मध्ये (सप्टेंबर २०२६) विजेत्याला दीड लाख डॉलरचे बक्षीस, ही बातमी आपल्या अंकात वाचली. आनंद झाला, पण बक्षीस म्हणजे मानधन नव्हे.

जागतिक अॅथलेटिक्स महासंघ जागतिक स्पर्धेत पहिल्या आठांनाच पैसे देतो. सुवर्णाला ७० हजार डॉलर, आठव्याला ५ हजार. नववा रिकाम्या हाताने परततो, आणि तो जगातला नववा असतो! २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महासंघाने प्रथमच ५० हजार डॉलर दिले, तेही फक्त सुवर्णाला. नीरज चोप्राच्या ८९.४५ मीटरच्या रौप्यफेकीला त्यातले काहीच नाही.

प्रशिक्षक, फिजिओ, आहार, स्पाइक्स यांचा खर्च मात्र वर्षभर चालूच असतो. बडोद्यात मी मुलीला रोज पहाटे मैदानावर सोडतो, तेव्हा तिथले पालक एकच विचारतात, ‘यात पुढे पोट भरेल का?’ जागतिक स्पर्धेची पात्रता गाठणाऱ्या प्रत्येक खेळाडूला महासंघाने ठरावीक वार्षिक मानधन द्यावे, आणि दुखापतीच्या काळात ते थांबवू नये.

– एक पालक, बडोदे