निवाऱ्यापुढचे पाऊल : भाड्याचे साधे घर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडी वाढली की रात्रनिवाऱ्यांच्या बातम्या येतात, आणि त्या यायलाच हव्यात. लाखभर लोकवस्तीमागे किमान १०० जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा आणि बारमाही उघडे दार, हा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने ठरवलेला निकष. पण निवाऱ्यात अंथरूण मिळते, घर मिळत नाही. मनोविकारामुळे रस्त्यावर आलेल्यांची कोंडी तर आणखी वेगळी. उपचारांनी ही माणसे सावरतात. पण घरचा पत्ता लागत नाही किंवा घरचे नेत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षे मनोरुग्णालयाच्या वॉर्डातच राहतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १९ नुसार केवळ बेघर आहे किंवा कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्यासाठी कुणालाही तिथे ठेवता येत नाही.

यावर चेन्नईच्या ‘द बॅनियन’ संस्थेने ‘होम अगेन’ या उपक्रमातून दाखवलेली वाट आता रत्नागिरीपर्यंत आली आहे. साध्या वस्तीतले भाड्याचे घर, त्यात चार-पाच जणी आणि गरजेनुसार मदतीला सेविका. रचना इतकी सोपी आहे, अडते ते तपशिलात.

घर शक्यतो तळमजल्यावरचे, बाजार आणि सरकारी दवाखाना चालत गाठता येईल असे घ्यावे. एकाच गल्लीत तीन घरे घेऊ नयेत, दारावर संस्थेची पाटी लावू नये. कुणी कुणासोबत राहायचे हे कार्यालयात ठरवले की महिन्याभरात खटके उडतात. आधी दोन-चार दिवस एकत्र राहून पाहावे आणि नंतरही घर बदलण्याची मुभा असावी. भाडेकरार बहुधा ११ महिन्यांचा आणि संस्थेच्या नावावर होतो. मुदत संपली, मालकाने नाही म्हटले, की शेजारपाजारी जुळलेले सगळे मोडते. म्हणून ३६ महिन्यांचा नोंदणीकृत करार मागावा आणि राहणाऱ्या प्रत्येकीचे नाव त्यात लिहून घ्यावे. पत्ता सिद्ध करण्याच्या कामी तोच कागद येतो.

आधारची नोंदणी ‘दुबार’ म्हणून फेटाळली गेली तर निराश होऊ नये. त्याचा अर्थ जुनी नोंद कुठेतरी आहे, आणि अशा नोंदीवरून काहींचे कुटुंबही सापडले आहे. मात्र सापडलेल्या घरी जायचे की नाही, हे त्या व्यक्तीनेच ठरवायचे.

औषधे सर्वांत जास्त चुकतात ती जोडून सुट्ट्या आल्यावर किंवा गोळीचा रंग बदलल्यावर. ‘ही माझी गोळी नव्हे’ म्हणून ती बाजूला ठेवली जाते. दोन आठवड्यांचा साठा हाताशी ठेवावा आणि नवी गोळी आल्यावर जुनी शेजारी ठेवून समजावून सांगावे. लिथियम हे मनोविकारावरचे औषध चालू असेल तर उन्हाळ्यात, जुलाब-उलट्यांत विशेष जपावे. शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते. हात जास्त कापू लागले, तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

सेविकेची निवड हा आमच्या मते सगळ्यात नाजूक भाग. पदवी नसली तरी चालेल, वॉर्डाची सवय मात्र नको. दाराची किल्ली राहणाऱ्यांकडे आहे का? भाजी कोणती आणायची ते कोण ठरवते? दुपारी भूक लागली तर कुणाला विचारावे लागते का? स्वयंपाकघराला कुलूप लागले असेल, तर भाडे घराचे जाते आहे आणि चालतो आहे वॉर्डच. शेजाऱ्यांना आजाराची माहिती देत फिरू नये. दूधवाला, किराणा, हळदीकुंकू यांतून ओळख आपसूक होते.

आता शासनाकडे मागणी. डिपॉझिट आणि सेविकेचा पगार हे दोन खर्च देणगीवर टिकत नाहीत. त्यांची तरतूद सरकारी अंदाजपत्रकात हवी. दुसरे, संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी राज्यातील १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो. ज्यांची ती वर्षे फलाटावर गेली, त्यांनी तो आणायचा कुठून? मनोरुग्णालयाच्या किंवा निवाऱ्याच्या नोंदवहीवरून दिलेला दाखला तहसील कार्यालयाने ग्राह्य धरावा, असा स्पष्ट आदेश शासनाने काढावा.

आपले,
पुनर्वसन क्षेत्रातील काही कार्यकर्ते